मुंबापुरीतील दगडांची साक्ष

सुट्टीत किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे मुंबईस जातात. गेटवे, चौपाटी, राणीचा बाग असा एका दिवसाचा फेरा होतो आणि मुले दमूनभागून बिऱ्हाडी परततात. राज्याची राजधानी पाहिली खरी. परंतु ती कोणी उभारली, कोणासाठी उभारली, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर देणारी तीन स्थळे ज्ञातिबांधवांस सुचवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले स्थळ बोरीबंदर. येथूनच १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आजची भव्य वास्तू १८८८ साली पूर्ण झाली. तिचे रचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे नाव सर्वत्र सांगितले जाते. परंतु भिंतींवरील पाने, फुले व पशुपक्षी घडविण्यात सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता, हे मुलांस अवश्य सांगावे. २००४ साली जागतिक वारसा म्हणून या वास्तूचा गौरव झाला. त्या गौरवात या अनाम हातांचाही वाटा आहे.

तेथून हुतात्मा चौकावरून पायी ओव्हल मैदानाकडे जावे. समोर सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा दिसतो. १८७८ साली तो पूर्ण झाला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे आहेत. त्यांत आपल्या ज्ञातीचा पुतळा कोणता, असे आपल्यापैकी कोणीही कौतुकाने विचारील. आणि ते स्वाभाविकच होय. तथापि नीट विचार केला असता असे दिसेल की, त्या पुतळ्यांस पागोटी आहेत, अंगरखे आहेत. पण त्यांच्या ठायी कोणा एका माणसाचे कर्तृत्व सांगितलेले नाही. कर्तृत्वाची खूण त्यांच्या पायथ्याशी आहे, आणि ती म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय. सुरतेहून आलेल्या जैन कुळातील प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयास दोन लक्ष व मनोऱ्यास दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातेचे नाव देवविले. पुढे १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला व त्यांची अपार संपत्ती बुडाली. जे स्वतःपाशी ठेवले ते गेले. जे विद्येस दिले ते राहिले! त्या ग्रंथालयात पुढे सर्व ज्ञातींची मुले शिकली.

तिसरे स्थळ भायखळ्याचे. बोरीबंदराहून लोकलने तेथे जाता येते. राणीच्या बागेत गेलेली मंडळी वाघ पाहतात, आणि शेजारचे वस्तुसंग्रहालय न पाहताच निघतात! डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट यांनी या संग्रहालयासाठी पुढाकार घेऊन लोकांकडून वर्गणी मिळविली. १८६२ साली इमारतीचा पाया घातला गेला. नाना १८६५ साली निवर्तले आणि संग्रहालय १८७२ साली खुले झाले. स्वतः पाहू न शकलेल्या वास्तूसाठी झटणे, यालाच लोकसेवा म्हणतात. १९७५ साली संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव मिळाले.

नाना दैवज्ञ, भाऊ दाजी सारस्वत, प्रेमचंद जैन. तिघांसही आपापल्या ज्ञातीचा अभिमान नव्हता असे नाही. परंतु या वास्तूंचे दार त्यांनी ज्ञातीपुरते ठेवले नाही, म्हणूनच आज सारे महाराष्ट्रीय त्यांस आपले मानतात. ज्ञातिसंस्थेने आपल्या गरजू मुलांस हात द्यावा, हे तिचे कर्तव्यच होय. पण उद्या आपण एखादे वाचनालय किंवा अभ्यासिका उभारू, तेव्हा शेजारच्या आळीतील परज्ञातीय मूल दाराशी आले तर त्यास आत घेऊ की परत पाठवू? मुंबई पाहून परतताना प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नाचा विचार करावा. मुलांस तर तो आवर्जून विचारावा. त्यांचे उत्तर बहुधा आपल्याहून मोठ्या मनाचे असेल.