एमआरआयच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी

काजवे बघायला पर्यटक भंडारदऱ्याला यायला लागतात, त्याआधीचे दोन महिने शेंडीत माझ्या मामांना उसंत नसते. हॉटेलांची गेटं, तंबूंचे सांगाडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं वेल्डिंग आणि ग्राइंडिंगचं काम. यंदा ऐन हंगामात त्यांची कंबर धरली, डावा पाय बधिर व्हायला लागला आणि डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय सांगितला. म्हणजे नाशिक गाठणं आलं. घोटीच्या रस्त्याला मामांनी विचारलं, “ह्यात अंगात करंट सोडतात का गं?”

मी हसले. मी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, एनएमआर हे माझं रोजचं यंत्र आणि एमआरआय त्याचाच भाऊबंद. त्यामुळे सेंटरवर फॉर्म माझ्याच हातात आला. दोन मिनिटांत मी सगळीकडे ‘नाही’वर खुणा केल्या. पेसमेकर? नाही. मेंदूत क्लिप? नाही. डोळ्यात धातूचा कण? नाही.

तंत्रज्ञाने फॉर्म वाचला, मामांच्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, “काका, काम काय करता?”

“वेल्डिंग.”

“डोळ्यात कधी काही उडालं होतं?”

“दोनदा. एकदा डॉक्टरांनी काढलं. एकदा आपसूक गेलं असावं.”

एमआरआय तिथेच थांबला. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायचं ठरलं. एक्स-रेची वाट बघत बसले असताना मी तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर त्या एका पानामागचा इतिहास तुम्हाला ठाऊक असावा असं मला वाटतं.

सुरुवात अल्कोहोलपासून

आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. त्याचं केंद्रक एखाद्या इवल्याशा चुंबकासारखं वागतं. जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याला नेमक्या वारंवारितेची रेडिओलहर दिली, की ते ती शोषतं आणि थोड्या वेळाने स्वतःचा क्षीण संदेश परत देतं. हे १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी वेगवेगळं दाखवलं. १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

एमएस्सीला आपण सगळेच इथेनॉलचा तीन शिखरांचा आलेख शिकतो. तो १९५१ मध्ये स्टॅनफर्डहून प्रसिद्ध झाला आणि त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनीच मुंबईत टीआयएफआरमध्ये एनएमआरचं संशोधन उभं केलं. मी हा आलेख कितीतरी वेळा काढलाय, पण त्यामागचं हे नाव मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

इथवर चित्र कुठेच नव्हतं. संदेश यायचा, पण नमुन्यातल्या कुठल्या जागेवरून आला ते कळायचं नाही. पॉल लॉटरबर यांनी युक्ती केली. चुंबकीय क्षेत्र मुद्दाम असमान करायचं, म्हणजे प्रत्येक जागेची वारंवारिता वेगळी होते. कोण कुठल्या पट्टीत गातोय त्यावरून तो कुठे उभा आहे हे ओळखण्यासारखंच हे. त्यांचं पहिलं चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं होतं. ‘नेचर’ने तो निबंध आधी नाकारला आणि नंतर १९७३ मध्ये छापला. २००३ मध्ये लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. (पहिला निबंध परत आला म्हणून खचलेल्यांनी ही तारखांची जोडी लिहून ठेवावी.)

१९७७ मध्ये रेमंड डेमेडियन यांच्या गटाने माणसाच्या छातीचं एक चित्र मिळवलं, त्याला जवळपास पाच तास लागले. आज मणक्याची कितीतरी चित्रं साधारण अर्ध्या तासात निघतात. ‘न्यूक्लियर’ शब्दाला लोक बिचकतात म्हणून नावातून तो गळला आणि एमआरआय उरलं. इथे क्ष-किरण नसतात, किरणोत्सर्गही नसतो.

फॉर्म कसा घडला

मग धोका कशाचा? पहिला धोका चुंबकाचा. नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. बहुतेक यंत्रांत ते अतिवाहक तारांच्या वेटोळ्यातून तयार होतं. द्रव हेलियम ही वेटोळी उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवतं आणि त्यांत एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. म्हणून स्कॅन संपला, दिवे मालवले, रात्र झाली तरी चुंबक चालूच असतो. लोकांना नेमकं हेच माहीत नसतं.

२००१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा यंत्रात असताना खोलीत लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आणला गेला. तो खेचला जाऊन मुलाच्या डोक्यावर आदळला आणि मुलगा दगावला. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. यंत्र बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं कुटुंबीयांचं म्हणणं होतं.

आणि डोळ्याचा प्रश्न? १९८६ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं. एमआरआयमध्ये तो हलला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हापासून धातूकाम करणाऱ्यांना हा प्रश्न आवर्जून विचारतात. मी ज्यापुढे न विचारता ‘नाही’ लिहिलं, तो हा प्रश्न.

मूत्रपिंडाचा प्रश्नही असाच आला. काही तपासण्यांत शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मूत्रपिंड फार निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा ताठर होत जाणारा एक आजार दिसत होता, त्याचा या औषधाशी संबंध २००६ मध्ये पुढे आला. म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात.

तुमच्यावर वेळ आली तर

घड्याळ, दागिने, पाकीट, मोबाइल, केसातल्या पिना, सगळं बाहेर. शरीरात कुठलाही धातू असेल, ऑपरेशन झालं असेल, गरोदर असाल, तर आधी सांगा. जुन्या ऑपरेशनची कागदपत्रं सोबत न्या. ‘याने काय होतंय’ हे आपण ठरवायचं नाही, तंत्रज्ञाला ठरवू द्यायचं.

आत बोगदा अरुंद असतो. गुदमरल्यासारखं वाटतं असा अनुभव असेल तर आधीच बोला. हातात बेल देतात, ती दाबली की थांबवतात. हलू नका, हललात की चित्र बिघडतं आणि तो भाग पुन्हा काढावा लागतो. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, कारण आवाज दणदणीत असतो. तो लॉटरबर यांच्या युक्तीचाच. क्षेत्र असमान करणाऱ्या वेटोळ्यांतला प्रवाह झपाझप बदलतो, तशी ती थरथरतात आणि ठकठक ऐकू येते.

आता मामांच्या करंटचं. शरीराला तार जोडून प्रवाह सोडत नाहीत हे खरं. पण बदलत्या क्षेत्रामुळे शरीरात बारीक प्रवाह निर्माण होतात, क्वचित स्नायू फुरफुरतो. दोन्ही हात एकमेकांत गुंतवले तर प्रवाहाला वाट मिळून त्वचा भाजूही शकते, म्हणून हात वेगळे ठेवायला सांगतात. म्हणजे मी ज्यावर हसले तो प्रश्न अगदीच भाबडा नव्हता.

एक्स-रेमध्ये काही सापडलं नाही. मामा आत गेले, पंचवीस मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, “आपल्या ग्राइंडरपुढं काहीच नाही.” मणक्यात एक चकती सरकलीय. सध्या व्यायाम आणि वजन उचलायला बंदी.

आमच्या प्रयोगशाळेतही असाच एक सुरक्षेचा फॉर्म आहे. दरवर्षी मी गेल्या वर्षीचा समोर ठेवून भरते. यंदा प्रत्येक प्रश्न वाचून भरला, तीन ठिकाणी अडले आणि सिनिअरला विचारावं लागलं. तुमच्या हातात असा कागद येईल तेव्हा एवढंच करा: ज्याच्याबद्दल भरताय, त्याला आधी विचारा.