दात वाघाचा, पण पुरावा कशाचा?

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारी पेठ. अशा पेठेतल्या जुन्या घरात सोन्यात मढवलेला मोठा दात निघाला, की घरचे सांगतात, ‘पणजोबांनी मारलेल्या वाघाचा.’ असेलही. पण घरची आठवण हा एक पुरावा आणि दात हा दुसरा. दोन्ही ताडून बघायचे असतात.

आधी दात बघू. वाघ-बिबट्याच्या सुळ्यावर टोकाकडून मुळाकडे बारीक उभ्या खाचा असतात. अस्वलाच्या, कुत्र्याच्या सुळ्यावर त्या नसतात. मगरीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, म्हणून तिचा दात बुडाशी पोकळ असतो. पण कोवळ्या वाघाचा सुळाही बुडाशी पोकळच असतो, तेव्हा नुसत्या पोकळीवर जाऊ नका. शिवाय वाघाच्या सुळ्याचा बराच भाग जबड्यात रुतलेला असतो. सोनाराने नेमका तोच मढवला, तर निम्मी ओळख झाकली जाते. बिबट्याचा सुळा घडणीने तसाच, फक्त लहान. वाघ की सिंह, हे तर नुसत्या डोळ्यांनी सांगणं फार अवघड. तिथे डीएनए तपासावा लागतो.

आता कोल्हापूरची गोष्ट बघा. काळविटांच्या शिकारीसाठी संस्थानाने चित्ते पाळले होते. भारतातले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले. म्हणजे कोल्हापुरात मिळालेला दात आफ्रिकेत जन्मलेल्या प्राण्याचाही असू शकतो! चित्त्याचा सुळा मात्र लहान आणि आखूड मुळाचा असतो. धावताना भरपूर हवा लागते, म्हणून त्याची नाकपोकळी मोठी असते आणि मुळांना जागा कमी उरते. मोठा सुळा दाखवून कुणी ‘दरबारच्या चित्त्याचा’ म्हणालं, तर तिथेच थांबवा.

दात जात सांगतो. शिकारी कोण, रान कुठलं, हे सांगत नाही. त्यासाठी तारीख असलेला फोटो, पत्र, दरबारी दप्तरातली नोंद शोधावी लागते.

आणि एक सांगतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघाचा दात विकता येत नाही. वारशाने आलेला असला तरी मालकीचा दाखला लागतो. म्हणून ओळख पटवायला सराफाकडे नव्हे, वनखात्याकडे जा. हाडाचा किंवा प्लास्टिकचा निघाला, तर चिंता मिटली. पणजोबांची गोष्ट तेवढी पुन्हा तपासावी लागेल.