कर्करोगाचे उपचार आणि परगावी निवासाची सोय

कर्करोगाच्या उपचारांसाठी दूरवरून मोठ्या शहरात येणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयातील खाटेपेक्षा रुग्णालयाबाहेरच्या खोलीची गरज अधिक काळ भासते. शस्त्रक्रिया वगळता बरेचसे उपचार रुग्णाला दाखल न करताच दिले जातात. किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत पाच ते सात आठवडे चालतात. प्रत्यक्ष किरण देण्यास मात्र काही मिनिटेच लागतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये बहुधा तीन आठवड्यांचे अंतर असते. या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि ताप आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे मधल्या दिवसांत गावी परतणे प्रत्येकाला शक्य होत नाही. औषधोपचार सवलतीत मिळूनही राहण्याचा खर्च न पेलल्याने उपचार अर्धवट सोडले जातात, ही यातील सर्वांत गंभीर बाब आहे.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशभरातून तेथे येणाऱ्या रुग्णांपैकी काहींनी आजवर लगतच्या पदपथावर मुक्काम केला आहे. त्यांना आधार देणाऱ्या संस्थांत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अग्रगण्य आहे. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाची ही मुंबईतील वास्तू आज प्रामुख्याने कर्करुग्णांच्या उपयोगी पडत आहे. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. वांद्रे येथील डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास टाटा रुग्णालयाच्या रुग्णांसाठीच आहे. उपचार घेणाऱ्या बालकांना पालकांसह विनामूल्य ठेवून घेणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेचे कार्य २००६ मध्ये मुंबईत सुरू झाले व नंतर इतर शहरांतही पोहोचले. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा मिळते, स्वयंपाकघर सामाईक असते.

तरीही मागणीच्या तुलनेत जागा अपुऱ्याच आहेत. शिवाय कर्करोग संसर्गाने पसरत नसूनही रुग्णाला खोली देण्यास काही घरमालक कचरतात. करी रोड परिसरातील म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला होता. स्थानिक रहिवाशांच्या आक्षेपानंतर जूनमध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि लगोलग बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरील इमारतीत पर्यायी सदनिका देण्याचे ठरले.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात विश्रामसदने आहेत. याच संस्थेच्या हरियाणातील झज्जर येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत इन्फोसिस फाउंडेशनने बांधलेल्या ८०६ खाटांच्या विश्रामसदनाचे उद्घाटन २१ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. रुग्णालयाच्या आवारातच निवास असल्यास रोजच्या प्रवासाचा खर्च आणि शीण दोन्ही वाचतात. मुंबईत स्वस्त खोली उपनगरात मिळाली, तरी अशक्त रुग्णाला रोज लोकलच्या गर्दीतून परळला आणणे किती जिकिरीचे ठरते, हे तेथे राहिलेल्यांना ठाऊक असते.

खरी अडचण पहिल्या काही रात्रींची असते. धर्मशाळेत प्रवेशासाठी बहुधा रुग्णालयाची नोंदणी आणि तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागाचे पत्र लागते. नोंदणी मात्र शहरात पोहोचल्यावरच होते आणि तपासण्यांत काही दिवस जातात. तेवढ्या दिवसांपुरती स्वतंत्र व्यवस्था आधीच करून निघणे हिताचे. नोंदणी होताच समाजसेवा विभागात जाऊन उपचार किती आठवडे चालणार याची लेखी माहिती दाखवावी. अनेक ठिकाणी रुग्णासोबत एक-दोन नातेवाइकांनाच मुभा असते व मुक्कामाची मुदत ठरलेली असते. मुदतवाढीसाठी पुन्हा रुग्णालयाचे पत्र लागू शकते. ओळखपत्रांच्या दोन-तीन प्रती, पूर्वीचे तपासणी अहवाल आणि शिधापत्रिका जवळ असाव्यात. प्रतीक्षा यादी असल्यास एकाच ठिकाणी विसंबून न राहता दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवावे. दलालाला पैसे देऊन जागा मिळवण्याच्या फंदात पडू नये.

उपचारासाठी किंवा नियमित तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाला मूळ भाडे पूर्ण माफ असून सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते परतीच्या प्रवासापूर्वीच भरून घेतल्यास पुढील फेरीच्या वेळी धावपळ होत नाही.