एशियाड संपलं, एशियाड राहिली: खेळांसाठी आणलेल्या गाड्या पुढे कुठे जातात?

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करूया. एशियाड. घरात पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, एशियाड म्हणजे काय? खेळांचं नाव बहुतेक कुणी घेणार नाही. उत्तर येईल, "अरे, एसटीची ती दादर-पुणे गाडी!"

आता गंमत बघा. आशिया खंडातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडास्पर्धेचं नाव आपल्याकडे एका बसला पडलं आणि बसलाच चिकटून राहिलं. हे कसं झालं, ते आज सांगतो. त्याच्या जोडीला दिल्लीतल्या एका रेल्वेचीही गोष्ट आहे. बस आणि रेल्वे, दोन्ही त्याच स्पर्धेसाठी सज्ज झाल्या होत्या. त्यातली एक लोकांच्या रोजच्या आयुष्यात शिरली आणि दुसरी लोक विसरून गेले. असं का झालं, हे नीट समजून घेतलं तर 2030 साठी आत्ता जी तयारी चालू आहे तिच्याकडे बघायची नजर बदलते.

दिल्ली, 1982

आशियाई खेळांची पहिली स्पर्धा मार्च 1951 मध्ये दिल्लीतच झाली, त्यात 11 देश आले होते. नवव्या स्पर्धेचं यजमानपद पुन्हा दिल्लीला मिळालं तोवर सगळाच पसारा वाढला होता. आता 33 देश आणि तीन हजारांहून जास्त खेळाडू येणार होते. 1981 च्या जनगणनेप्रमाणे दिल्लीची लोकसंख्या 62 लाखांच्या घरात होती. मेट्रो नव्हती. सामान्य माणसाला बसचाच आधार, आणि त्या बसला लोंबकळणारी माणसं हे रोजचं चित्र.

त्यातच मधल्या काळात केंद्रात सरकारं बदलली आणि ही स्पर्धा खरंच घ्यायची का, यावरच चर्चा झडत राहिली. जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या तेव्हा हातात तीन वर्षंसुद्धा उरली नव्हती. मग रात्रंदिवस काम सुरू झालं. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थचं इनडोअर स्टेडियम, सिरी फोर्टजवळचं क्रीडाग्राम, मूलचंदसारखे उड्डाणपूल, रुंद केलेले रस्ते. आजच्या दक्षिण दिल्लीचा बराचसा चेहरा या दोन-अडीच वर्षांत घडला.

हे सगळं कुणाच्या घामावर उभं राहिलं, तेही सांगायला हवं. बाहेरून आणलेल्या मजुरांची परिस्थिती एका पत्रातून थेट सर्वोच्च न्यायालयात पोचली. तेव्हा किमान मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे होती आणि त्यातला एक रुपया जमादार कमिशन म्हणून कापून घ्यायचा. 18 सप्टेंबर 1982 ला, म्हणजे उद्घाटनाच्या दोन महिने आधी, निकाल आला. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. तयारीची डेडलाइन जितकी जवळ येते, तितका तिचा भार सगळ्यात खालच्या माणसावर पडतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

रिंग रेल्वेचं काय झालं?

आता त्या रेल्वेकडे येऊ. दिल्लीभोवती रिंग रेल्वे नावाचा साधारण 35 किलोमीटरचा लोहमार्ग आहे. 1975 मध्ये तो सुरू झाला तो मालगाड्यांसाठी, म्हणजे गर्दीची स्टेशनं टाळून मालगाडी बाहेरच्या बाहेर जावी म्हणून. खेळ आले तेव्हा कुणीतरी म्हटलं, रूळ तर तयार आहेत, यावर प्रवासी गाड्या का नको? कल्पना चांगलीच होती. मार्गाचं विद्युतीकरण झालं, 24 जादा फेऱ्या सुरू झाल्या. नेहरू स्टेडियमच्या जवळूनही हा मार्ग जातो.

19 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर, असे 16 दिवस खेळ चालले. सतराव्या दिवशी काय?

सतराव्या दिवसापासून तीच रेल्वे दिल्लीच्या नोकरदाराला सोयीची वाटेना. मार्ग मालगाड्यांसाठी आखलेला, त्यामुळे बरीचशी स्टेशनं वस्तीच्या आणि बाजारपेठेच्या आडबाजूला. स्टेशनपर्यंत जायला धड रस्ता नाही, उतरल्यावर पुढे न्यायला बस नाही. शिवाय मालगाडी आली की लोकल थांबणार. ज्या गाडीच्या वेळेचा भरवसा नाही, तिच्यावर कुणी ऑफिसची वेळ गाठायची? मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. हळूहळू गाड्या रिकाम्या धावू लागल्या. नंतर 2018 पासून दिल्ली मेट्रोची पिंक लाइन रिंग रोडच्या कडेने धावू लागली आणि ती मात्र भरली. म्हणजे गोल फिरणाऱ्या गाडीची गरज दिल्लीला होतीच. रूळही होते. स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा कुणी बांधला नव्हता.

आणि आपली एशियाड

याच खेळांसाठी पाहुण्यांची आणि खेळाडूंची ने-आण करायला चांगल्या गाड्या हव्या होत्या. इथे आपली एसटी चित्रात येते. एसटीची सुरुवात 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर झाली. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांमध्ये बसच्या बॉडी बांधण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. खेळांसाठी एसटीने खास गाड्या बांधल्या. दोन बाय दोनची आसनं, बसायला ऐसपैस जागा. लाल डब्याची सवय असलेल्या माणसाला ही चैनच होती.

खेळ संपले आणि गाड्या महाराष्ट्रात परत आल्या. आता यांचं करायचं काय? कुठल्या तरी व्हीआयपी ताफ्यात ठेवता आल्या असत्या, नाहीतर आगाराच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या असत्या. एसटीने त्या दादर-पुणे मार्गावर आणल्या.

हा मार्ग निवडण्यात खरी हुशारी होती. तेव्हा एक्सप्रेस-वे नव्हता, जुना खंडाळा घाट होता. पुण्याला जायचं तर डेक्कन क्वीनसारख्या गाड्या ठरलेल्या वेळेला सुटणार, दादरची शेअर टॅक्सी खिशाला जड, आणि साधी एसटी जागोजागी थांबत जाणार. मधल्या माणसासाठी काहीच नव्हतं. ज्याला चार पैसे जास्त द्यायची तयारी आहे, पण टॅक्सी परवडत नाही, असा माणूस. कॉलेजची मुलं, नोकरीवाले, शनिवार-रविवारी घरी जाणारे, लोणावळा-महाबळेश्वरला निघालेले पर्यटक. एसटीने त्यांना थेट, कमी थांब्यांची, आरामशीर गाडी दिली आणि सारख्या फेऱ्या ठेवल्या. एक गेली तर मागून दुसरी येणार, याची खात्री होती.

लोकांनी या गाडीला नाव दिलं एशियाड. मग तशा नव्या गाड्या आल्या, इतर मार्गांवर गेल्या, दादरला एशियाडचा स्टँड झाला. कागदोपत्री ती 'निमआराम' होती, पुढे 'हिरकणी' झाली, पण बोलण्यात एशियाडच राहिली. एका पाहुण्याच्या स्वागतासाठी आणलेला चांगला कपबशीचा सेट घरात रोजच्या चहाला वापरात यावा, तसं झालं.

हिशेब समजून घेऊ

खेळांची वाहतूक आणि रोजची वाहतूक यांत फरक काय, हे साध्या गणिताने बघू. समजा स्टेडियममध्ये 50,000 प्रेक्षक आहेत. आत येताना ते दोन-तीन तासांत विखरून येतात. बाहेर मात्र एकदमच पडतात. 50 सीटच्या बसने त्यांना न्यायचं तर 1,000 फेऱ्या लागतील. एका मेट्रोत 1,500 माणसं बसली-उभी राहिली तर साधारण 33 गाड्या. म्हणजे मोठ्या गर्दीला रेल्वे-मेट्रोच हवी. पण तेवढी मोठी व्यवस्था वर्षातल्या दहा-पंधरा रात्रींसाठी कुणालाच परवडत नाही. उरलेले साडेतीनशे दिवस तिच्यात कोण बसणार, यावर सगळं ठरतं.

दिल्लीतच याचा पुढचा धडा 2010 मध्ये मिळाला. राष्ट्रकुल स्पर्धा 3 ऑक्टोबरला सुरू झाली आणि मेट्रोची सेंट्रल सेक्रेटेरिएट ते सरिता विहार ही लाइन त्याच दिवशी प्रवाशांसाठी उघडली. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. तरी ती टिकली, कारण नेहरू स्टेडियमखेरीज ती लाजपत नगर, नेहरू प्लेस अशा रोज गजबजलेल्या भागांतून जाते, आणि पुढे फरिदाबादपर्यंत वाढली. याउलट परदेशी पाहुण्यांसाठी गाजावाजा झालेली विमानतळाची एक्सप्रेस लाइन खेळ होऊन गेल्यावर, 23 फेब्रुवारी 2011 ला सुरू झाली. जुलै 2012 मध्ये तांत्रिक दोषांमुळे ती बंद करावी लागली आणि जानेवारी 2013 मध्ये पुन्हा सुरू झाली. डेडलाइन हुकली ती हुकलीच, वर दुरुस्तीही करावी लागली.

आपल्या अंगणात

हे दिल्लीपुरतं नाही. पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. ऑक्टोबर 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. त्या भागातून जाणाऱ्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2018 मध्ये. म्हणजे आधी स्टेडियम, 24 वर्षांनी मेट्रोचा नारळ. मधल्या काळात तिथे आयटीवाल्यांची सगळी वस्ती वसली आणि ती ट्रॅफिकमध्ये काय भोगते, ते पुणेकर श्रोत्यांनी मला सांगायचं.

नवी मुंबईत उलटं घडलं. हार्बर लाइन 1992 मध्ये वाशीला पोचली आणि लवकरच पुढे नेरूळ-बेलापूरकडे गेली. सिडकोने नवीन शहर वसवताना रेल्वेच्या खर्चातला मोठा वाटा, 67 टक्के, स्वतः उचलला. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आलं 2008 मध्ये. म्हणून 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी तिथे विश्वचषक जिंकला तेव्हा प्रेक्षकांसाठी लोकलचं स्टेशन जवळच होतं, आणि ते क्रिकेटसाठी बांधलेलं नव्हतं.

आता 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तिथे मोटेराच्या स्टेडियमपर्यंत मेट्रो 2022 मध्येच पोचली आहे, ही जमेची बाजू. पण येत्या चार-पाच वर्षांत नवीन पूल, नवीन बस, नवीन मार्ग यांच्या भरपूर घोषणा कानावर येतील. तेव्हा दोनच गोष्टी विचारा. ही गाडी सतराव्या दिवशी कुणासाठी धावणार आहे? आणि स्टेशनवर उतरलेला माणूस घरापर्यंत कसा जाणार आहे? या दोन्हींची उत्तरं तयार असतील तर पाहुण्यांची सोय आपोआप होते. नसतील तर पाहुणे जातात आणि रिकामे रूळ मागे राहतात.

तुमच्या घरी कुणी एशियाडने प्रवास केला असेल तर त्यांच्याकडून एखादा किस्सा ऐका आणि आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक किस्से पुढच्या भागात लावू. तोवर काळजी घ्या, भेटूया!