पाना, ईल मासे आणि झडप

1679 मध्ये दनी पापँने लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडं मऊ करणारं वाफेचं भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून पुढे त्याने दांडा-वजनाची झडप जोडली.

पण ती झडप कुणालाही अडकवता येई! 1803 मध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनावरचा पोरगा ईल मासे पकडायला गेला. दांड्याला पाना अडकवलेला. मागे राहिलेल्या मजुराने इंजिन थांबवलं, पाना तसाच ठेवला. बॉयलर फुटला, माणसं मेली. ट्रेव्हिथिकचा प्रतिस्पर्धी जेम्स वॉट, त्याच्या गोटाला उच्च दाबाच्या वाफेविरुद्ध बोलायला आयतंच निमित्त मिळालं.

खरी तोड काढली 1850 च्या दशकात रेल्वे इंजिनियर जॉन रॅम्सबॉटमने: झडपा दोन, स्प्रिंग एकच. ड्रायव्हरने दांडा दाबला की एक झडप घट्ट, दुसरी सैल. वाफेचा दाब ठरवायचा तो वर्कशॉपच्या फिटरनेच.