आंधळगावचा अनुस्वार : एक्सएमएल दस्तऐवजांतील ग्रामनामांचा शोध

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याचे आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या नावाचाच विचार करावयाचा आहे. १९९८ साली एक्सएमएलचे पहिले प्रमाण जाहीर झाले. त्याचा पाया युनिकोड असल्याने देवनागरी मजकूर खुणांसह साठविणे सुकर झाले. २००६ साली जॉन रेसिग यांची जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली. अशा दस्तऐवजातून नोंदी वेचणे दोन-चार ओळींचे काम ठरले. २०११ च्या १.५ आवृत्तीत तर त्यासाठी स्वतंत्र फंक्शनच मिळाले. परंतु फंक्शन खूण ओळखते, गाव ओळखत नाही.

१९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीच्या लेखनात ‘गांव’ हे रूप रूढ होते, आणि ती सवय पुढेही टिकली. संगणकाच्या लेखी ‘आंधळगाव’ व ‘आंधळगांव’ ही दोन भिन्न गावे होत. एकाच रूपाचा शोध घेतल्यास दुसऱ्या रूपातील नोंदी निमूटपणे गळतात; चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. विणकर कुटुंबांचा इतिहास लिहिणारा अभ्यासक मग अपुऱ्या आकड्यांवरून निष्कर्ष काढतो. सर्वच अनुस्वार गाळावेत, तर आरंभीचा उच्चारित अनुस्वारही जातो! म्हणून मूळ पाठास हात न लावता प्रत्येक नोंदीस गावाचा जनगणना संकेतांक जोडावा व वेचणी त्यावरून करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.