भरतीच्या कागदावरचा भूकंप

ठाणं हे साष्टी बेटावरचं गाव. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीचं खारं पात्र आणि बेटाच्या पश्चिम कडेला थेट अरबी समुद्र. पुलावरून रोज लोकलने जाणाऱ्याला हे बेटपण जाणवत नाही. पण २८ नोव्हेंबर १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला त्सुनामीची पहिली लाट दिसल्याची नोंद आहे, ती याच साष्टीच्या किनाऱ्यावर. त्या सकाळी वर्सोव्यात पाच जण बुडाले, हाजी अलीला सहा. जुहू आणि दांड्याला मच्छीमारांच्या होड्या दोर तोडून वाहत गेल्या. मुंबईत लाट दोन मीटरची होती आणि एकूण पंधरा माणसं गेली, असं जुने वृत्तांत सांगतात.

भूकंप झाला होता पहाटे साडेतीनच्या सुमाराला, दूर मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याजवळ, ८.१ तीव्रतेचा. पसनी आणि ओरमारा ही तिथली बंदरं उद्ध्वस्त झाली. मकरानला अरबी भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडच्या भूपट्टाखाली सरकतो. दोघांच्या कडा एकमेकींत अडकतात, ताण साठत राहतो आणि एके क्षणी अडसर सुटतो. वरची कड उसळली की समुद्राचा तळ उचलला जातो आणि त्याबरोबर तळापासून पृष्ठभागापर्यंतचं सगळं पाणी. वाऱ्याने उठणारी लाट वरचा थर घुसळते. ही लाट अख्खा समुद्र हलवते. चार हजार मीटर खोलीवर तिचा वेग ताशी सातशे किलोमीटर असतो, पन्नास मीटर खोलीवर ऐंशी. मुंबईसमोर समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे, म्हणून तिला इथवर यायला जवळजवळ पाच तास लागले. तेवढ्या वेळात पुष्कळ माणसं वाचवता आली असती. पण कळवणार कोण आणि कशाच्या आधारे?

तो आधार तेव्हाही अपोलो बंदरावर उभा होता. तिथल्या भरतीमापकाने ती लाट कागदावर उतरवली. आजच्या त्सुनामी इशाऱ्याचं कूळ शोधायचं तर या यंत्रापर्यंत जावं लागतं, आणि त्याचा पद्धतशीर वापर आपल्याकडे सुरू झाला तोही एका भूकंपाच्या मागावर. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात एका बाजूची जमीन वर उचलली जाऊन 'अल्लाबंद' तयार झाला आणि सिंदडीचा किल्ला पाण्यात गेला. रणाची जमीन अजूनही वर-खाली होते आहे का, हे पाहायला त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या कॅप्टन बेअर्ड यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले. जमीन हलते की नाही हे ठरवायला आधी समुद्राची सरासरी पातळी हवी, आणि त्यासाठी भरती-ओहोटी अखंड मोजायला हवी.

त्या यंत्राची रचना मला फार आवडते. किनाऱ्यावर एक विहीर, ती एका बारीक नळीने समुद्राला जोडलेली. विहिरीतल्या पाण्यावर तरंगणारा पोकळ डबा, त्याला तार, तारेला पेन्सिल आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या रुळावर कागद. वाऱ्याच्या लाटा काही सेकंदांत येतात आणि जातात. बारीक नळीतून तेवढ्या अवधीत विहिरीतलं पाणी फारसं हलत नाही. सहा तास चढणारी भरती मात्र सहज आत येते. त्सुनामीची एकेक लाट दहा-पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालते, म्हणून तीही आत येते. भरतीसाठी केलेल्या गाळणीतून भूकंपाची खूण नकळत गाळून निघाली.

१८७८ पासून अपोलो बंदरावर अशी नोंद सुरू झाली. हेतू व्यवहाराचा होता: जहाजांना भरतीच्या वेळा आधी कळाव्यात. पण ३१ डिसेंबर १८८१ ला कार निकोबारजवळ समुद्राखाली भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या भरतीमापकांवर वेडीवाकडी रेघ उमटली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. तेव्हा वांद्र्याला पाणी इतक्या झपाट्याने मागे हटलं की मासे किनाऱ्यावरच राहिले आणि लोकांनी ते वेचून नेले. बेअर्ड यांनी भारतीय बंदरांवरचे कागद गोळा करून या खळबळीचा अहवाल लिहिला. एवढं हाती असूनही इशारा देणारी व्यवस्था उभी राहिली नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

१९४५ च्या कागदांचं पुढे चीज झालं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये कराची आणि मुंबईच्या नोंदी संगणकावर पुन्हा तपासल्या. मकरानच्या उथळ किनारपट्टीला धरून लाटा अडकून राहतात, त्यामुळे पहिल्या लाटेनंतरही बराच काळ मोठ्या लाटा येत राहतात, असं त्यांना दिसलं. पहिली लाट ओसरली म्हणून होडी पाहायला खाली धावणाऱ्यासाठी ही जिवाची माहिती आहे.

व्यवस्था आली ती २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या संहारानंतर. १५ ऑक्टोबर २००७ रोजी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर माहिती संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. भूकंपाच्या लहरी काही मिनिटांत कळतात, पण तळ खरंच उचलला गेला का, हे खोल समुद्रातले दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापकच सांगतात. सप्टेंबर २०१६ च्या हिंदी महासागरातल्या सरावात एक कल्पित भूकंप मकरानचाच होता.

आता आपल्या ठाणे-कल्याणच्या खाडीचं. कल्याण हे जुनं बंदर. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली, दुर्गाडीच्या पायथ्याशी आजही भरती येते. डोंबिवलीच्या मोठागावाला, मुंब्र्याच्या रेतीबंदरला, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यालाही. लाट इथे दोन वाटांनी येऊ शकते, मुंबई बंदरातून आणि वसईच्या मुखातून. चिखल, वळणं आणि खारफुटी तिचा जोर खातील. पाण्याच्या भिंतीपेक्षा भीती आहे ती अवेळी उलटसुलट वाहणाऱ्या ओढीची, जी होड्या उपटते. आणि वेळ फार महत्त्वाची. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतलं अंतर साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. दोन मीटरची लाट सुकतीला आली तर रोजच्या भरतीच्या रेषेखालीच राहील. उधाणाच्या ऐन भरतीला आली तर काठावरच्या घरांत शिरेल.

हे गणित कोळीवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती त्याला तिथीवरून तोंडपाठ असतात. पाणी अवेळी उतरलं तर ते पहिल्यांदा त्याच्याच लक्षात येईल. म्हणून खारफुटीवर भराव टाकणं थांबलं पाहिजे, आणि हैदराबादहून निघालेला इशारा जिल्हाधिकारी कार्यालयात न थांबता मोठागावच्या धक्क्यापर्यंत किती मिनिटांत पोचतो, हे सरावात घड्याळ लावून मोजलं पाहिजे. घाई का, तर १९४५ चा भूकंप मकरानच्या पूर्व भागातला होता. पश्चिम भागात तेवढा मोठा भूकंप यंत्रांच्या काळात अजून नोंदला गेलेला नाही.